वहिनी, स्टेपनी आणि झिपऱ्यांचा बँड

मित्रांनो, गाडीला चार चाकं असतात असं तुम्ही चित्रात काढता. ते बरोबर नाही. चाकं पाच असतात. पाचवं कुणाला दिसत नाही, कारण ते डिकीत, चटईखाली पडलेलं असतं. ते चाक म्हणजे मी, एक जुनी स्टेपनी. माझी गोष्ट मी थोडक्यात आटोपणार आहे, कारण मला फार बोललं की दम लागतो. आयुष्यभर नुसतं पडून राहिलेल्या चाकाला दम कसला, असं तुमच्या मनात आलं असेल, तर जरा ऐकून घ्या.

माझा जन्म टायरच्या कारखान्यात झाला. काळं गरम रबर साच्यात दाबलं, वाफ सोडली आणि मी बाहेर आले. अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते. नव्या टायरला असतात तसे. माझ्यासारख्याच चार बहिणी माझ्यासोबत एका नव्या गाडीसाठी निघाल्या. चाकं बसवणारा कामगार घाईत होता. त्याने हाताला लागतील तशा चौघींना उचललं, नट आवळले आणि मला डिकीत टाकलं. त्याने मला निवडलं नाही आणि नाकारलंही नाही. मी उरले होते, एवढंच. चौघींचे केस पहिल्या आठवड्यातच रस्त्यावर झिजून गेले. माझे अजून आहेत. या वयात बाळाचे केस मिरवायचे म्हणजे कसनुसंच वाटतं.

आमची गाडी एका मोटार शिकवणाऱ्या बाईंनी घेतली. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा बाईंच्या पायाखाली. बाईंचा आवाज खणखणीत होता आणि शिस्त त्याहून कडक. शिकाऊ लोकांनी माझ्या बहिणींचे फार हाल केले. कुणी फुटपाथला घासलं, कुणी खड्ड्यात आपटलं. एकेक करून चौघी झिजल्या आणि भंगारात गेल्या. त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही गेल्या. मी मात्र होते तिथेच होते.

तसा मला मान होता बरं का. नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी बाई डिकी उघडायच्या, चटई बाजूला करायच्या आणि सगळ्यांना गोल उभं करून सांगायच्या, "ही स्टेपनी. हिची हवा दर महिन्याला बघायची म्हणजे बघायची. अडल्या वेळी हीच धावून येते. बाकी सगळं विसरा, पण हिला विसरू नका." एवढं बोलून त्या माझ्या पाठीवर तळहाताने एक दणदणीत थाप मारायच्या आणि डिकी बंद करायच्या. शिकाऊ मंडळी माना डोलवायची. मीही पहिली काही वर्षं भारावून जायचे. पुढे पुढे लक्षात आलं की माझ्यावर व्याख्यान होतं, थापही मिळते, पण हवा कुणीच बघत नाही. ती हळूहळू जात होती. अंधारात पडून पडून माझ्या अंगाला बारीक भेगा गेल्या. चालून चाकं झिजतात हे सगळ्यांना दिसतं. पडून राहिलेलं चाक आतून विरतं, ते कुणाला दिसत नाही.

आता वहिनींबद्दल सांगते. वहिनी म्हणजे बाईंच्या भावाची बायको. भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला. तो वर्षातून एकदा यायचा आणि पाहुण्यासारखा राहून जायचा. घरी बाईंची आई अंथरुणाला खिळलेली. अर्धं अंग लुळं पडलेलं. तिला उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं वहिनींच्या गळ्यात. बाई दर रविवारी आईला भेटायला जायच्या, खुर्चीवर बसायच्या आणि निघताना म्हणायच्या, "वहिनी आहे म्हणून मला घोर नाही." मी डिकीतून हे किती वेळा ऐकलं! ऐकलं की मला माझ्या पाठीवरची थाप आठवायची.

या वहिनींना कॉलेजपासून एका बँडचं वेड होतं. पाच जण, खांद्यापर्यंत केस, कानठळ्या बसवणारं संगीत. बाई त्यांना झिपरे म्हणायच्या. वहिनींना त्यांची सगळी गाणी पाठ होती आणि चादरी बदलताना त्या तीच गुणगुणायच्या. त्यांना एकदा तरी समोर उभं राहून ऐकायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी कधीतरी बोलून दाखवली होती. पण झिपऱ्यांचं आपसात बिनसलं, बँड मोडला आणि विषय संपला. मग एक दिवस बातमी आली की ते म्हातारपणी एकदाच, शेवटचं, एकत्र वाजवणार आहेत. गाव लांबचं होतं. सकाळी निघालं तर संध्याकाळी पोहोचावं, इतकं लांब. बाईंनी परस्पर तिकिटं काढली, आईजवळ दुसऱ्या दिवसापर्यंत एक मदतनीस ठरवली आणि वहिनींना सांगितलं, "तू एवढं करतेस, तर एक दिवस माझ्याकडून. गाडी माझी, पेट्रोल माझं." हे त्यांनी मनापासून केलं होतं. उगाच कुणाला वाईट कशाला म्हणू?

निघायच्या दिवशी वहिनींनी त्या मदतनिसाला सूचना देता देता गाडीत बसायलाच उशीर केला. अंगात बँडचा जुना टी-शर्ट होता. रंग उडालेला, पोटावर ताणलेला.

"वहिनी, हा धुवायला टाकू नकोस," बाई म्हणाल्या. "मला गाडी पुसायला दे."

"वन्सं, हात लावून तर बघा," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

गाडी वहिनीच चालवत होत्या. बाईंनीच त्यांना कधीकाळी शिकवलं होतं. पण शिकवायची सवय काही सुटत नाही. ट्रक दिसला की बाई आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या. ट्रक नसला तरी दाबायच्या.

"वन्सं, गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"तूच चालवतेयस. माझा पाय आपला नुसता ठेवलाय."

नुसत्या ठेवलेल्या त्या पायापायी मी डिकीत पुढेमागे आपटत होते. पण पुढे दोघी खिदळत होत्या, गाणी वाजत होती आणि मलाही बरं वाटत होतं.

दुपारी, भर उन्हात, मागचं एक चाक फाटलं. लोखंडी पत्र्याने ते बाजूनेच उभं चिरलं. ते दुरुस्त होण्यातलं नव्हतं. बाई जराही डगमगल्या नाहीत. "घाबरू नकोस, स्टेपनी आहे," असं म्हणत त्यांनी डिकी रिकामी केली, जॅक लावला, नट काढले आणि मला उचलून बसवलं. मित्रांनो, माझ्या जन्माचं सार्थक व्हायची ही घडी होती. बाईंनी जॅक खाली केला. गाडीचं वजन माझ्यावर आलं आणि मी बसले. अगदी जमिनीला टेकले. माझ्यात हवाच नव्हती.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या बाईने अख्ख्या गावाला स्टेपनीची हवा बघायला शिकवलं, तिची स्टेपनी रस्त्यात बसली होती. मला इतकी लाज वाटली की फुटून जावंसं वाटलं, पण फुटायलाही हवा लागते.

"गेल्या महिन्यातच तर बघितली होती मी," बाई पुटपुटल्या.

"बघितली नव्हती," वहिनी म्हणाल्या. "थाप मारली होती."

मला पुन्हा काढलं. पुढच्या वळणापलीकडे एक पंक्चरचं दुकान होतं, तिथपर्यंत दोघी मला ढकलत घेऊन गेल्या. माझ्या आयुष्यातला पहिला रस्ता मी असा कापला, लडखडत आणि दोन बायांच्या आधाराने. दुकानदाराने मला पाण्यात बुडवून पाहिलं. कुठे भोक नव्हतं. त्याने हवा भरली आणि रबर जुनं आहे, बेताने चालवा, असं सांगितलं. हवा भरताना काय वाटलं ते मला शब्दांत सांगता येत नाही. कुणीतरी कितीतरी वर्षांनी "जेवलीस का?" विचारावं, तसं काहीतरी.

तेवढ्यात फोन वाजला. घरच्या मदतनिसाचा होता. आजी घास तोंडात घेत नाहीत, सारख्या सुनेला हाका मारतात, मला त्यांना उचलताही येत नाही आणि संध्याकाळनंतर मी थांबणार नाही, असं ती सांगत होती. फोन ठेवून बाईंनी मोठा सुस्कारा सोडला.

"चल, फिरवू गाडी परत. काय करणार? पुढच्या वेळी जाऊ."

वहिनी दुकानाच्या बाकावर बसल्या होत्या. हात काळे झाले होते, टी-शर्टवर माझ्या अंगाचे डाग पडले होते. त्या उठल्या नाहीत.

"पुढची वेळ नाहीये, वन्सं. ते पुन्हा वाजवणार नाहीत."

"अगं, मला कळतं गं. पण आईकडे कुणीतरी जायला हवं ना?"

"हवंच. तुम्ही जा."

बाईंना वाटलं वहिनी गंमत करतायत. "मी? मला ते उचलणं-बिचलणं काही येत नाही. तुझ्याशिवाय तिचं पान हलत नाही, तुला माहितीये."

"मलाही येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडले होते." वहिनींचा आवाज चढला नव्हता. "वन्सं, त्या तुमच्या आई आहेत. मी कधी म्हणाले नाही, आज म्हणते. मी फार दमलेय. मला आज हे गाणं ऐकू द्या. नाहीतर मी परत येईन खरी, पण नुसती अंगाने येईन."

 बाई रस्त्याच्या कडेपर्यंत चालत गेल्या. मग येऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "शिकव मला."

मग पंक्चरच्या दुकानात वहिनींनी मास्तरीणबाईंची शिकवणी घेतली. बाईंना बाकावर आडवं केलं, एक हात मानेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. "आधी सांगायचं, आई, आता उचलते. न सांगता हात लावला की त्या घाबरतात. घास उजव्या गालात ठेवायचा. डाव्या बाजूचं त्यांना कळत नाही. आणि घाई करायची नाही." बाईंनी मग वहिनींवरच दोनदा करून दाखवलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, "जमेल."

परतीच्या दिशेने जाणारी बस बाईंनी हात करून थांबवली. खिडकीतून त्यांचं सुरूच होतं, "चाळीसच्या वर जाऊ नकोस! वळणावर..." पुढचं ऐकूच आलं नाही. बस निघून गेली होती.

वहिनींनी मला ढकलत गाडीपर्यंत नेलं, बसवलं, नट स्वतः आवळले आणि गाडी पुढे काढली. दुसऱ्या ब्रेकवर आता कुणाचाच पाय नव्हता.

तुम्हाला वाटेल, माझ्या आनंदाला पारावार उरला नसेल. खरं सांगू? माझं अंग अंग दुखत होतं. डांबर तापलेलं, भेगा ताणलेल्या. प्रत्येक चढाला वाटायचं की आता संपलं. मागचे हॉर्न वाजवून वैतागत होते. पण वर वहिनी मोठमोठ्याने गात होत्या, सुरात नाही, पण जीव तोडून. त्यांना तिथवर न्यायचंच, एवढं एकच माझ्या मनात होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा मैदानात दिवे लागले होते. गाडी लावून वहिनी पळत सुटल्या. त्या वयाची बाई तशी पळताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

संगीतातलं मला काडीचंही कळलं नाही. गाड्यांच्या रांगेत उभी राहून मी एवढंच अनुभवलं की खालची जमीन दणदणत होती आणि हजारो माणसं एकाच वेळी ओरडत होती. त्यात एक आवाज आमच्या वहिनींचा होता. तो ओळखू येत नव्हता, पण होता.

सगळं संपल्यावर वहिनी आल्या, चपला काढल्या आणि माझ्याच आडोशाला, मला पाठ टेकून मातीत बसल्या. घसा पार बसला होता. चेहरा रडून सुजला होता आणि त्या हसत होत्या. बाईंचा फोन आला.

"वहिनी, आई जेवली गं. थोडंसंच, पण जेवली. मला म्हणाली, तुझा हात जड आहे."  मग त्यांचा आवाज बदलला. "माझी कंबर मोडलीय. तू हे रोज करतेस?"

 वहिनी नुसत्या "हं" म्हणाल्या.

"झिपरे कसे होते?"

"दोघांना टक्कल पडलंय," वहिनी कशाबशा म्हणाल्या आणि दोघी हसत सुटल्या.

"उद्या निघशील ना?"

वहिनींनी डोळे मिटले. "उद्या नाही. परवा."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. 

"बरं. ये सावकाश," बाई म्हणाल्या. "मी आहे इथे."

वहिनी त्या रात्री मागच्या सीटवर अंगाची जुडी करून झोपल्या आणि दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईपर्यंत उठल्या नाहीत. कुणी हाक मारली नाही.

फाटलेल्या चाकाच्या जागी नवं आलं आणि आता मी पुन्हा डिकीत असते. बाई गेज घेऊन महिन्याच्या महिन्याला माझी हवा बघतात आणि आठवड्यातले तीन दिवस आईकडे राहतात. मी काही नवी झालेली नाही. भेगा आहेत तशाच आहेत. माझे दिवस भरत आले आहेत, त्याचं दुःख नाही. मित्रांनो, म्हणून जाता जाता एकच मागते. तुमच्याही घरात एखादी अशी असेल, जिच्या भरवशावर सगळे निर्धास्त असतात. आई असेल, काकू असेल, थोरली बहीण असेल. तिचं कौतुक करू नका, ते तिला भरपूर मिळालेलं असतं. तिच्याजवळ बसा आणि दमलीस का म्हणून विचारा. ती "नाही रे" म्हणेल. विश्वास ठेवू नका.