मागच्या गाडीतला ओडवार

माझा नवरा ओडवार तसा वाईट नाही. फक्त आमच्या मोटरहोमचा विषय निघाला की त्याचं डोकं जरा फिरतं. निवृत्त झाल्यावर त्याने ती घेतली, त्याला आता सहा वर्षं झाली. एवढ्या काळात मला त्याने एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आणि मी कोण? ओड्डा गावात बावीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला फ्योर्डचं खोल पाणी, रस्त्यावर काचेसारखा बर्फ आणि मागे चाळीस पोरांचा गोंधळ. तरी विषय काढला की हा म्हणणार, "तोरगुन, बसचं वेगळं. हे घर आहे. कपाटात कपबशा असतात."

मीही फार ताणलं नाही. घरात सगळं माझ्याच मनासारखं चालतं, गाडी राहू दे त्याची, असं म्हणून गप्प बसले.

यंदा मार्चमध्ये आम्ही यायलोला निघालो होतो. तिथे बर्फात आठवडाभर तळ ठोकायचा, दिवसा स्की करायची, संध्याकाळी शेजारच्या गाड्यांमधल्या मंडळींबरोबर पत्ते कुटायचे, असा आमचा दरवर्षीचा बेत. मध्ये हार्डांगरविद्दाचं पठार ओलांडावं लागतं. आम्ही चढ चढून वर पोचलो तर रस्त्यावरचं फाटक बंद. पठारावर वारा सुटला होता, म्हणून बर्फ बाजूला सारणाऱ्या ट्रकच्या मागून सगळ्यांना रांगेनेच नेणार होते. आमच्या पुढे निळी स्टेशनवॅगन, मागे कुत्र्यांची व्हॅन. बर्फावर घसरगाडी ओढणारी कुत्री घेऊन एक मुलगी शर्यतीला चालली होती. व्हॅनच्या कप्प्यांतून बारा कुत्री एका सुरात रडत होती.

ट्रकची ड्रायव्हर सोलफ्रीड नावाची पोरगी होती. केशरी जाकीट घालून ती प्रत्येक खिडकीशी येऊन बजावत होती. "चारही इंडिकेटर चालू ठेवा. पुढच्या गाडीचे लाल दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत. वाटेत कोणीही खाली उतरायचं नाही. डिझेल आहे ना? गरम कपडे?"

"आहे, आहे," ओडवार म्हणाला. "पण वारा फारच आहे, नाही? आमची गाडी उंच आहे हो."

"चालेल तुमची. सावकाश जायचंय."

पलीकडून येणारी रांग आधी इकडे पोचायची होती, म्हणून अर्धा तास थांबणं आलं. आत हीटर रोंरावत होता. ओडवारने वरची विजार काढून ठेवली आणि लोकरीच्या लांब चड्डीवर, अंगात स्वेटर घालून, कॉफी प्यायला बसला. नेहमी रस्त्यात थांबलो की हा मला गाडीच्या यंत्रांवर व्याख्यान देतो. आज मात्र एक अक्षर नाही. कप नुसता फिरवत होता.

एकदम उठला. "मागचे दिवे बघून येतो. बर्फ साचला असेल."

"विजार घाल की."

"दोन मिनिटांचं काम आहे."

दाराशी माझे लाल बूट होते, त्यातच त्याने पाय कोंबले आणि उतरला. दिवे मागे असतात, हा गेला पुढे! मी काचेतून बघत होते. थेट ट्रकपाशी जाऊन, मान वर करून, हातवारे करत तो सोलफ्रीडला काहीतरी पटवत होता. ती मान हलवून नाही म्हणत होती. मग परत आला, माझ्या खिडकीखालून शीळ घालत मागे गेला आणि ब्रशने मागचे दिवे पुसायला लागला.

तेवढ्यात फाटक वर गेलं. ट्रकवरचा पिवळा दिवा फिरू लागला, निळी गाडी हलली.

आता खरं काय ते सांगते. हॉर्न वाजवून मी त्याला बोलावू शकले असते. दहा सेकंदांत तो आत आला असता. पण किल्ली गाडीलाच होती आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. मी सरकून तिथे बसले, इंजिन चालू केलं. मागून धडाधड थापा ऐकू आल्या. आरशात बघितलं. कुत्रेवाल्या मुलीने दार उघडलं होतं आणि ओडवारला हाताने आत बोलावत होती. तो आत चढलेला बघितला आणि मग मी गिअर टाकला.

पाच मिनिटांतच रस्ता दिसेनासा झाला. आकाश, जमीन, कडेची बर्फाची रास, सगळं एकच. कडेला रोवलेल्या काठ्या एकामागून एक उगवायच्या आणि विरायच्या. पुढे दोन लाल ठिपके. वाऱ्याचा धक्का बसला की गाडी एका बाजूला कलायची, मी तिला हलकेच सावरायची. कपाटातल्या कपबशा किणकिणत होत्या. हातांना सगळं आठवत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने गात होते. माझा आवाज फार वाईट आहे, पण ऐकायला होतं कोण?

फोन वाजला. नंबर अनोळखी. बटण दाबलं तर आधी कुत्री, मग ओडवार.

"तोरगुन! थांब!"

"थांबायचं नाही, तिने सांगितलंय."

"दुसऱ्या गिअरमध्ये आहेस ना?"

"तिसऱ्या."

"तिसऱ्या! अगं, वारा डावीकडून... ए, हो तिकडे! तुला नाही गं. हे कुत्रं माझ्या मांडीवर बसलंय."

मागून त्या मुलीचा आवाज आला. "त्रीमची जागा आहे ती. म्हातारा आहे तो. तुम्हीच जरा सरका."

"गरम आहे का रे कुत्रं?" मी विचारलं.

मग म्हणाला, "आहे." आणि फोन बंद झाला.

दीड तासाने पठारापलीकडे हाउगास्तोलला उतरलो. रांग सुटली, मी गाडी कडेला लावली. सोलफ्रीड ट्रकमधून उतरून आली आणि मला चालकाच्या खुर्चीत बघून हसायला लागली.

"अच्छा! म्हणजे चालवणार तुम्ही होतात! मग तुमचे यजमान एवढे का विनवत होते? म्हणे, मोटरहोमला मनाई आहे असं बायकोला सांग, आम्ही परत जातो."



ओडवार व्हॅनमधून उतरला. लोकरीची चड्डी, माझे लाल बूट आणि छातीपासून गुडघ्यांपर्यंत राखाडी केस. स्टेशनवॅगनमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान लववून त्या स्वीकारल्या आणि आत येऊन विजार शोधायला लागला.

"मला दिसलाच नाहीस तू," मी म्हणाले.

"आरशात आपली नजरानजर झाली, तोरगुन."

"बरं, झाली. आणि तू सोलफ्रीडच्या कानात काय सांगत होतास?"

तो विजार हातात धरून पलंगाच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "गेल्या वर्षी इथेच, सगळं पांढरं झालं तेव्हा मला काठ्या दिसेनात. एकही नाही. पुढच्या गाडीच्या दिव्यांवर कसा पोचलो, माझं मला माहीत. उन्हात ठीक दिसतं. पांढऱ्यात नाही."

"वर्षभर गप्प बसलास? मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू चालवली असतीस."

मला राग यायला हवा होता. तोंड उघडलं ते भांडायलाच, पण आलं हसू. तोही हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले. कुत्र्याचे केस गेले म्हणाला. मीही मान्य केलं.

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. "परत गेल्या गेल्या."

"जाऊ."

"आणि तोवर?"

"तोवर तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेत जाऊ नकोस," तो म्हणाला आणि शेजारच्या खुर्चीत जाऊन पट्टा लावला.

यायलोच्या तळावर त्या संध्याकाळी सगळी मंडळी आमच्याकडे जमली. पत्ते वाटता वाटता ओडवारने हकीकत सांगितली. शर्यतीची कुत्री जवळून बघायची त्याची फार वर्षांची इच्छा होती, त्या मुलीने आग्रहाने बोलावलं, म्हणून त्यानेच बायकोला सांगितलं, आज तू ने गाडी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हो," मी म्हणाले, "फार आग्रह केला हो तिने," आणि हुकूम टाकला.