उपासाला चालणारी गोळी

गंगूबाईने शुभमला पहिली चप्पल मारली ती थेट तोंडावर, आणि दुसरी मारायच्या आत त्याच्या जिममधल्या काचेच्या कपाटाला लाथ घातली. काच फुटली, डब्या घरंगळत खाली आल्या. त्यांच्यावर चहाच्या पानाचं चित्र होतं. वजनं उचलणारी धट्टीकट्टी पोरं भिंतीला चिकटून उभी राहिली. साठीची फूलवाली बाई मालकाला बडवत असेल तर काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

"माह्या सुनेले काय चारलं रे तू?"

"मावशी, चहाचा अर्क हाय तो. वजन कमी होते. समदे घेऊन राहिले, मी सोता घेतो."

शुभमच्या ओठातून रक्त येत होतं. तो आशेने नितेशकडे बघत होता, कारण डबी नेली होती ती गंगूबाईच्या या मुलानेच. नितेशने त्याची मान धरली आणि डोकं आरशावर आपटलं. आरसा तडकला. शुभम खाली बसला, तेव्हा गंगूबाईने एक डबी उचलून पदरात टाकली आणि मायलेक दवाखान्याकडे निघाले.

गंगूबाईचा हात तोंडाआधी चालायचा. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर हार विकताना घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकालाही तिने एकदा लगावली होती. नवरा होता तोवर त्याचीही सुटका नव्हती, आणि नितेश तर तिच्या हातचं खाऊनच वाढला. फक्त चंदावर, सुनेवर, तिने कधी हात उगारला नाही. "पोट्टी उलटून बोलतच नाही, मारू कायले?" असं ती सांगायची. खरं म्हणजे चंदावर तिचा जीव होता.

नितेशने एका लग्नात मित्रांसमोर चंदाला जाडी म्हटलं आणि आठवड्याने ती डबी आणून दिली. बायकोचं वजन डोळ्यांत खुपणाऱ्या अशा नवऱ्यांची मला चीड येते. याचं स्वतःचं पोट पट्ट्यावरून लोंबत होतं. चंदाने निमूटपणे दोन महिने जेवणानंतर गोळ्या घेतल्या. काही झालं नाही.

मग नवरात्र आलं. चंदाने यंदा नऊ दिवस कडक उपास धरला. साबुदाणा नाही, भगर नाही, फक्त पाणी आणि कोरा चहा. पहिल्या माळेला तिने सासूला विचारलं, गोळी चालते का उपासाला. गंगूबाई शेवंती ओवत होती, तिने मानही वर केली नाही.

"चहा चालते ना उपासाले? मंग चहाची गोळी काहून नाही चालनार? घे."

चंदा सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गोळी घेत राहिली. सातव्या माळेला तिचे डोळे पिवळे झाले, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेईपर्यंत ती माणसं ओळखेनाशी झाली.

दवाखान्यात गंगूबाईने डबी डॉक्टरीणबाईंसमोर आदळली.

"हे पाहा. ज्यानं विकलं त्याले तोडून आलो आमी."

डॉक्टरीणबाईंनी डबी फिरवून वाचली. "जेवणाबरोबर घेत होती?"

"पयले जेवनानंतर घेत होती. आता उपास होता," नितेश म्हणाला.

"कपभर चहात हे फार थोडं असतं. या गोळीत कितीतरी कपांचा अर्क आहे. पोटात अन्न असलं की त्यातलं थोडंच रक्तात उतरतं. रिकाम्या पोटी कित्येक पटींनी जास्त उतरतं, आणि तो सगळा मारा आधी लिव्हरवर होतो. सगळ्यांना त्रास होत नाही, पण हिचं लिव्हर बंद पडलंय. नागपूरला हलवण्यासारखी तिची अवस्था नाही." त्यांनी डबी खाली ठेवली. "उपाशीपोटी घ्यायला कोणी सांगितलं?"

"शुभम्यानंच सांगतलं असन," नितेश दात खाऊन म्हणाला.

गंगूबाईने मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"म्या सांगतलं," ती म्हणाली.

नितेशने आईच्या कानशिलात मारली. ती बाकावर कोलमडली, तशी आणखी एक मारली. तिचा ओठ फाटला. वॉर्डातला माणूस धावत येऊन त्याला ओढू लागला.

"सोड त्याले," ती म्हणाली. "मारू दे."

डबी कोणी आणली, जाडी कोण म्हणालं, हे तिच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते रक्तासकट गिळलं. मग नितेशच तिच्या पायाशी बसून हुंदके देऊ लागला.

दुपारी चंदा गेली.

तिची आई पार्वताबाई अकोटहून एसटीने पोचली, तोवर चंदाला चादर घातलेली होती. गंगूबाई उठली, विहिणीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि सुजलेल्या तोंडावरचा पदर तिने बाजूला केला.

"ईनबाई, मले मारा. तुमच्या पोरीले म्याच मारलं."

पार्वताबाईचं तिकडे लक्षही गेलं नाही. तिने चादरीवरून लेकीच्या पोटावर हात ठेवला. ते पार खपाटीला गेलं होतं. ती तिथेच चाचपत राहिली.

"काई खाल्लं होतं का वो तिनं?" तिने विचारलं. "उपाशी त नाही ना गेली माही पोरगी?"

गंगूबाईने पदर पुन्हा तोंडावर ओढला. लेकीच्या पोटावरचा हात न काढता पार्वताबाई तिच्याकडे बघत राहिली.