काळ्या नागलीची पोटली

तानूबाईचं सगळं सामान एका पिशवीत मावलं, पण बियाण्याची पोटली तिने त्या पिशवीत घातली नाही. अकोल्याच्या डोंगरातल्या तिच्या वाडीपासून दिल्लीच्या छावणीपर्यंत ती पोटली मांडीवरच होती. आत शेरभर काळी नागली, म्हणजे नाचणी, कीड लागू नये म्हणून राखेत घोळलेली. गेल्या वर्षी अवकाळीने सगळं पीक आडवं केलं आणि ह्या जातीचं बी वाडीत उरलं ते एवढंच. बंद घरात ठेवायचं तर कोणाच्या भरवशावर, उंदरांच्या?

नातीचं उष्टावण करायचं आणि पेरणीला परत जायचं, असा तिचा साधा बेत होता. मुलगा शहाजी फौजेत, सून माधवी संगमनेरात वाढलेली, आणि नात कृतिका आठ महिन्यांची. पण पोरगी मोठी तिखट. उष्टावण झालं तरी घास म्हणून आत जाईना. डब्यातली महागाची पावडर द्या, फळाचा गर द्या, फुर्रकन बाहेर. डॉक्टर म्हणाले, वजन दोन महिन्यांत हललेलं नाही. तेव्हापासून माधवी वाटी घेऊन बसली की आधी तिचेच डोळे भरायचे.

"नागलीला मोड आण, वाळव, भाज, दळ आन् गूळ घालून पेज दे," तानूबाईने सांगितलं. सांगून ही बाई तीन दिवस मानेसरला भाचीकडे, सुखदाकडे गेली. तिचा नवरा तिथल्या कारखान्यात होता. कुठली नागली घे, हे सांगायचं राहिलं. आता बी कोणी खातं का, हे काय सांगायची गोष्ट आहे? तिच्या वाडीत तरी नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती घामाने निथळत दारात आली, तर आतून हसण्याचा आवाज. कृतिका गालभर पेज माखून बसली होती आणि चमच्यासाठी 'आ' करत होती.

"आई, बघा ना! दुसरी वाटी आहे ही! बिल्कुल थुंकली नाही!" माधवी उठून नाचायचीच बाकी होती. "किती छान नागली आणलीत तुम्ही, आणि बोलला पण नाहीत. राख मात्र फार होती हं, तीनदा धुतली मी."

तानूबाईने खिडकीकडे पाहिलं. आल्या दिवशी तिने पोटली टांगलेला खिळा रिकामा होता.

"बी होतं ग ते, बये!" ती माधवीसमोर येऊन बसली. "सासूने माझ्या पदरात घातलेलं बी! काय केलंस हे!"

माधवीच्या हातातला चमचा थांबला. "आई, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तुम्ही कृतिकासाठीच वेगळी ठेवलीय."

तानूबाईला आपली थोरली आठवली, शहाजीच्या आधीची. त्या दुष्काळात घरात दाणा नव्हता. तिने रानातून कडूकंद खणून आणले, राख घालून उकडले, कडूपणा जावा म्हणून रात्रभर झऱ्याखाली ठेवले. मोठ्यांचं त्यावर भागलं. वर्षाच्या पोरीला ते पचेना. आढ्याला ही पोटली भरलेली लटकत होती. "मूठभर काढू का?" तिने सासूला विचारलं होतं. बी खायचं नसतं, सासू म्हणाली. पोर चार दिवसांत गेली. पुढच्या साली सगळ्या वाडीला बी पुरलं, सगळ्यांनी सासूचं नाव काढलं, आणि तानूबाई कोणालाच काही बोलली नाही.

कृतिकाने चमच्यासाठी ओरडून घर डोक्यावर घेतलं.

"दे तिला," तानूबाई म्हणाली. "खाऊ दे. तिच्या आत्याच्या वाटणीची मूठ राहिली होती."

मग तिने सगळं सांगितलं. माधवी तिला बिलगून रडली आणि मधूनमधून पोरीला भरवतही राहिली. वाटी संपली तेव्हा तिला एकदम आठवलं. "आई, सगळी नाही दळली! अर्धी अजून मोरीपाशी ओल्या फडक्यात आहे. उद्या वाळवणार होते."

तानूबाई उठली कशी आणि मोरीपाशी पोचली कशी, तिचं तिलाच कळलं नाही. फडकं सोडलं. दाण्यादाण्याला पांढरा मोड फुटला होता.

"अग, हे जित्तं हाय!" ती ओरडलीच. "पण आता थांबायचं नाही ते. आजच्या आज मातीत गेलं पायजे."

शहाजी ड्यूटीवरून आला तो वर्दीतच क्वार्टरमागची जमीन खणायला लागला. माधवीने आपला कोथिंबिरीचा वाफा स्वतःच्या हाताने उपटला. उन्हाची झळ लागू नये म्हणून तानूबाईने वाफ्यावर आपलं लुगडं पसरलं.

"आई, परवाचं तिकीट आहे तुझं," शहाजी कपाळ पुसत म्हणाला.

"रद्द कर. रोपं दुसरीकडं लावायची, निंदायची, कणसं खुडायची. तुला येतंय का त्यातलं काय?"

"मग कधी जाणार?"

"दिवाळीला. बी घिऊन."

माधवी पाण्याची बादली घेऊन आली होती. तिने विचारलं, "आई, तोवर पोरीला काय द्यायचं? दळलेली महिनाभर पुरेल."

"सुखदाला सांगू, बाजारातून खायची नागली आणंल," तानूबाई म्हणाली. तिने कडेवरच्या कृतिकाच्या गालावरची वाळलेली पेज अंगठ्याने पुसली. "आन् औंदा बी निघालं की आधी एक मूठ हिची काढायची. मगच पोटली बांधायची."