पंचवीस मिनिटांचे पाणी

मित्रांनो, पाण्याला वेळ कळत नाही. ती त्याला मी सांगतो. फरगाना खोऱ्यातल्या एका कालव्यावर पंपघर आहे. तिथल्या भिंतीवर बुटांच्या खोक्याएवढी करडी पेटी दिसते ना, तोच मी. लोक मला कंट्रोलर म्हणतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात घड्याळ बसवले आणि वीज गेली तरी ते चालावे म्हणून नाण्याएवढी बॅटरी घातली. इथे आलो तेव्हा माझे भारी कौतुक झाले. नवेपणा टिकावा म्हणून माझ्यावरचा पातळ कागद दोन वर्षे कुणी काढला नाही.

माझे काम सोपे. सकाळी सहाला पंप सुरू करायचा आणि वरच्या चिनोर गावाच्या पाटाचे दार उघडायचे. बाराला ते मिटायचे. किलोमीटरभर खाली माझ्यासारखाच धाकटा भाऊ आहे. तो बाराला कुमलोक गावाचे दार उघडतो. संध्याकाळी सहाला पंप बंद करायचा तो पुन्हा मीच. दोन्ही गावांची खरबुजे या पाण्यावर पोसतात.

पंपघर सांभाळणारी मुकर्रम चिनोरची माहेरवाशीण. सासर बाजारगावात, म्हणून रोज छोट्या बसने येई. मला पुसताना ती माझ्याशी बोले. मी बारा वर्षे चोख वेळ पाळली. पण पोटातल्या बॅटरीची आठवण कुणालाच झाली नाही.

एका एप्रिलमध्ये वादळ झाले आणि वीज गेली. बॅटरी केव्हाच संपली होती. वीज आली तेव्हा मी जागा झालो तो कितीतरी वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीच्या मध्यरात्री! मला फार लाज वाटली. मुकर्रमने मनगटावरचे घड्याळ बघून माझी वेळ लावली आणि काम पुन्हा सुरू झाले. धाकट्याची बॅटरी अजून ताजी होती, म्हणून त्याची वेळ चुकली नव्हती.

दहा दिवसांनी कुमलोकचे म्हातारे पुढारी सोबिर-अका काठी टेकत आले. मागे चारपाच शेतकरी होते.

"मुकर्रम, तुझ्या माहेराला पोटभर आणि आम्हाला घोटभर? आमचे शेवटचे वाफे कोरडे राहतायत."

"अका, मी कशाला कुणाचं पाणी तोडू?"

"मग ते काय उडून जातं?"

मुकर्रमने डब्यातला नान काढला, त्यावर हात ठेवला. "या नानची शपथ. दोघांना सहासहा तास मिळतात. मी स्वतः वेळ लावलीय."

नानची शपथ घेतल्यावर पुढे कोण बोलणार? सोबिर-अका गेले, पण जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. त्या दिवशी तिचा चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी बाराला दार मिटताच ती कालव्याच्या काठाने चालत खाली गेली. पुढचे तिनेच मला परत येऊन सांगितले. कुमलोकचे दार बंदच होते आणि सगळे पाणी सांडव्यातून ओढ्यात चालले होते. तिच्या घड्याळात बारा वाजून तेरा मिनिटे झाली होती. धाकट्याच्या पडद्यावर मात्र अकरा अठ्ठेचाळीस. तिने फोन पाहिला. तोही अकरा अठ्ठेचाळीसच म्हणाला.

तिने मनगटावरचे घड्याळ पुन्हा पाहिले. हिवाळ्यात एकदा बस चुकली, तेव्हापासून तिने आपले घड्याळ पंचवीस मिनिटे पुढे ठेवले होते. सवयीने ती मनातल्या मनात वजाबाकी करी. माझी वेळ लावताना नेमकी विसरली. म्हणून मी सगळेच पंचवीस मिनिटे आधी करत होतो: दुपारी चिनोरचे दार आधी मिटे आणि संध्याकाळी पंपही आधी बंद होई.

गुपचूप माझी वेळ बदलली असती तर कुणाला कळले असते? पण तिने दोन्ही गावांना पंपघरावर बोलावले.

"अका, चोर सापडला," असे म्हणून तिने घड्याळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. "हे घड्याळ, आणि त्याची मालकीण. माझी शपथ खोटी निघाली."

सगळे ऐकून सोबिर-अका म्हणाले, "म्हणजे तुझी बस चुकू नये म्हणून आमची खरबुजं तहानली?"

"हो, अका."

त्यांनी खिशातून आपले घड्याळ काढले, तिच्या घड्याळाशेजारी धरले, मग एकेका शेजाऱ्याचा हात ओढून त्याचे पाहिले. पाच घड्याळे, पाच वेगवेगळ्या वेळा.

"माझं तर अकरा मिनिटं मागं आहे," म्हातारा पुटपुटला. "आणि मी निघालो होतो हिला शिकवायला." आधी मुकर्रम हसली, मग सगळेच हसले. जितके दिवस चूक झाली, तितके दिवस चिनोरने रोज पंचवीस मिनिटे कुमलोकला द्यायची, असे ठरले. चिनोरमध्ये शेती करणारा मुकर्रमचा भाऊ थोडा कुरकुरला, पण कबूल झाला. मुकर्रमने लगेच फोन बघून माझी वेळ नीट लावली.

आठवड्याने जिल्ह्याहून झोकिर मिस्त्री आले. जुनी बॅटरी बोटांत धरून म्हणाले, "बारा वर्षं? माझे दातसुद्धा एवढे टिकले नाहीत." त्यांनी नवी बॅटरी घातली, छपरावर अँटेना बसवला आणि माझ्यापासून धाकट्यापर्यंत तार ओढली. आता आकाशातल्या उपग्रहांकडून मी वेळ घेतो, आणि धाकटा दर तासाला माझ्याकडून.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना चूक कबूल करता येत नाही. आम्ही तीच चूक रोज इमानाने करत राहतो. म्हणून आमची बॅटरी वेळेवर बदला आणि आमची वेळ अधूनमधून ताडून पाहा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी, जमलेच तर, आपलेही घड्याळ एकदा बघा. इथे दुपारी मी एक दार मिटतो, त्याच क्षणी किलोमीटरभर खाली दुसरे उघडते. ओढा आता कोरडा असतो, आणि ते पाहून मुकर्रमइतका आनंद कुणाला होत नसेल.