अ‍ॅनालिनचं बाळ

बाथटबमध्ये पाय लांब करून बसलेल्या माझ्या सासूबाईंनी हात पुढे केले आणि अ‍ॅनालिनने आपलं सोळा दिवसांचं बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं. डब्लिनच्या बाथरूममध्ये जमिनीवर पाणी सांडायची सोय नाही, म्हणून आईंनी हा तोडगा काढला होता. मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी अमरावतीहून आलेल्या आई लॉकडाउनमुळे डिसेंबर उजाडला तरी इथे आमच्या ब्युमॉन्ट भागातच होत्या. शेजारच्या बाळाला न्हाऊ घालणं हे त्यांना इथे मिळालेलं पहिलं मनाजोगतं काम. स्वारी खुशीत होती.

“पाहा पाहा, कसा आळोखेपिळोखे देते लबाड!” आई म्हणाल्या. अ‍ॅनालिनला शब्द कळले नाहीत, पण ती हसली.

अ‍ॅनालिन सतरा वर्षांची. आई रोवेना हॉस्पिटलात नर्स, वडील मालवाहू बोटीवर. बाळाचा बाप तिच्याच शाळेतला मुलगा. बातमी कळल्यावर त्याने फोन नंबर बदलला आणि आपल्यापुरता विषय संपवला.

आंघोळ झाली, बाळ झोपलं. स्वयंपाकघरात चहा पिताना मी विचारलं, “कशी आहेस गं?”

“ग्रँड,” ती म्हणाली. इथे मोडलेल्या पायालाही लोक ग्रँड, म्हणजे मस्तच, म्हणतात, म्हणून मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग तिने आपण होऊन सांगितलं, “मी याची मनांग आहे. म्हणजे मोठी बहीण. रोज म्हणून बघते, सवय व्हायला पाहिजे ना.”

रोवेनाने फिलिपिन्सला, इलोइलोमध्ये राहणाऱ्या आपल्या आईला, बाळ आपलंच आहे असं सांगितलं होतं. नवरा फेब्रुवारीत सुट्टीवर येऊन गेलेला, त्यामुळे महिनेही जुळत होते. विमानं सुरळीत झाली की बाळाला त्या लोलाकडे, म्हणजे आजीकडे, पोचवायचं. अ‍ॅनालिनने इथली बारावी द्यायची आणि झालं गेलं विसरायचं. व्हिडिओ कॉलच्या वेळी बाळ रोवेनाच्या मांडीवर असे. कॉल लांबला की अ‍ॅनालिनचे कपडे दुधाने ओले होत, आणि ती हाताची घडी घालून उभी राही.

“तुला चालणार आहे हे?” मी विचारलं.

“कधीकधी वाटतं, खरंच बहीण असते तर बरं झालं असतं. शाळेत गेले असते, झोपले असते.” तिने कप फिरवला. “पण मी स्वतः लोलाकडेच वाढले ना. मी दोन वर्षांची असताना मम्मी इकडे आली. नवव्या वर्षी तिने मला आणलं, तर एअरपोर्टवर मी तिच्याशी शेकहँड केला. मला तिला काय म्हणायचं तेच कळेना. हा पण माझ्याशी शेकहँड करेल.”

मला रोवेनाचा संताप आला. पण कोविड वॉर्डात बारा-बारा तास काढून तोंडावर मास्कचे वळ घेऊन येणाऱ्या बाईला काय बोलणार? आईंनाही मी यातलं काही सांगितलं नाही. आईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. तेवढीच माझी चूक झाली.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, आई बाळंतविडा घेऊन शेजारी निघाल्या. डिंकाचे लाडू, हाताने शिवलेलं झबलं-टोपडं आणि एक सुती रुमाल. मी चपला शोधेपर्यंत त्या आत पोचल्याही.

मी पोचले तेव्हा टेबलावर लॅपटॉप चालू होता. पडद्यावर पांढऱ्या केसांची लोला, तिच्यासमोर बाळाला घेऊन बसलेली रोवेना, आणि बाजूला ओल्या केसांनी, अनवाणी उभी असलेली अ‍ॅनालिन. आईंना फक्त ते ओले केस दिसले.

“काहून वो पोरी, कान उघडे ठेवून उभी हाय? बाळंतीण हाय ना तू! वारं शिरलं तं जन्मभर डोक्शं धरून बसशील!” म्हणत आईंनी रुमालाची पट्टी करून तिच्या कानांवरून घट्ट बांधली, आणि ती काही बोलायच्या आत लाडूचा तुकडा तिच्या तोंडात घातला.

रोवेनाचा चेहरा पांढराफटक पडला. भाषेचं काही कामच नव्हतं. इलोइलोलाही बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत, तिचं डोकं-कान झाकतात, हे मला त्या दिवशी कळलं. लोलाने चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. पुढचं बोलणं त्यांच्या भाषेत झालं. अ‍ॅनालिनने मला ते नंतर सांगितलं.

“किती दिवस झाले?” लोलाने विचारलं. रोवेनाला नाही, अ‍ॅनालिनला.

“एकवीस.”

रोवेना घाईघाईने काही सांगू लागली. लोलाने तिला थांबवलं. “तुझी मुलगी मी सात वर्षं सांभाळली. तू बोलावलंस, मी दिली. त्यानंतर सहा महिने मी दोघींचा भात टाकत होते, ठाऊक आहे तुला? हे बाळ माझ्याकडे पाठवू नकोस. परत द्यायची ताकद नाही आता माझ्यात.”

आई मात्र “खा, खा” म्हणत लाडू पुढे करत होत्या. मग बाळ कुरकुरलं, आणि रोवेनाने उठून ते अ‍ॅनालिनकडे दिलं, तिला खुर्चीवर बसवलं. अ‍ॅनालिन हुंदके देऊन रडायला लागली. मलाही आवरेना.

लोला पडद्याच्या जवळ वाकली. “आणि तिचे पाय उघडे का? एवढ्या थंडीत? मोजे घाल तिला.”

रोवेनाने रेडिएटरवर वाळत टाकलेले स्वतःचे जाड मोजे काढले आणि ती लेकीसमोर गुडघ्यांवर बसली. अ‍ॅनालिनने पाय मागे घेतला.

“मी घालते, मम्मी.”

“बस,” रोवेना म्हणाली.

अ‍ॅनालिनने हळूच पाय पुढे केला. रोवेनाने तिची बोटं एकत्र धरली, मोजा चढवला. टाच वर आली, म्हणून काढला आणि पुन्हा नीट घातला.