सवाष्णीचं कुंकू

संगणकानं 'टुंग' केलं, सोनालीच्या जिवात जीव आला, आणि तिसऱ्या सेकंदाला त्यानं उतरत्या सुरात पुन्हा 'टुंग' करून तो काढूनही घेतला. पडद्यावर मघाचंच वाक्य आलं: उपकरण ओळखता येत नाही.

"काल दुपारी बरं ओळखलंस रे मुडद्या," ती संगणकाला म्हणाली.

साडेनऊ वाजले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा. लोहाऱ्यातल्याच मंगल कार्यालयात भाचीला, शिवांजलीला, हळद लागत होती आणि तिची मामी इथं घरी काडेपेटीएवढ्या एका डबीपुढं हात जोडायच्या बेतात बसली होती. डबी म्हणजे कन्व्हर्टर. टेपरेकॉर्डरची वायर एका बाजूनं आत घालायची, दुसऱ्या बाजूच्या चौकोनी भोकातून यूएसबीची केबल संगणकाला जोडायची. कॅसेट वाजली की आवाज संगणकात उतरतो. डबीला काम एवढंच, आणि तेवढंच ती करत नव्हती.

कॅसेट सोनालीच्याच लग्नातली होती. तिची नणंद अयोध्या हिनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक तीत म्हटलं होतं. पुढं तीन वर्षांत अयोध्या तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा तिची शिवांजली आठ महिन्यांची होती. पोरीकडं आईचे फोटो पुष्कळ होते, पण आईचा आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. गेल्या महिन्यात ज्वारीच्या कणगीमागं ही कॅसेट सापडली, तेव्हा तिनं एकच मागितलं, "मामी, माझ्या लग्नात आईचंच मंगलाष्टक लागू दे." आणि सोनाली हो म्हणून बसली. हो म्हणायला काय, जीभ उचलली की झालं.

फीत जुनी, दोनदा टेपमध्ये अडकून चुरगळलेली. दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं, "ताई, एकदा वाजंल. दुसऱ्यांदाचं आपण सांगत न्हाय." म्हणून काल तिनं भजनाच्या कॅसेटवर सगळी तालीम केली, आणि पाहुण्यांच्या पोरांच्या हाती लागू नये म्हणून डबी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवून दिली. काल सगळं सुरळीत झालं होतं.

आज तिनं केबल दुसऱ्या भोकात घालून पाहिली. संगणक बंद करून चालू केला. प्रिंटरची केबल काढून लावली. दर वेळी टुंग, आणि मागोमाग उतरतं टुंग. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना.

फोन वाजला. नवरा, कुलदीप.

"अगं, डीजेवाला अकराला गाणं मागतोय. मोबाईल धर की टेपसमोर, न् ये निघून."

"मोबाईलात विहिरीतनं बोलल्यागत येतंय. आन् तेवढ्यात फीत तुटली म्हंजी? तुमच्या भाचीला काय सांगू?"

"मग न्हाय म्हनून सांग. पोरगी डोळं लावून बसलीय, ताटकळत तरी ठेवू नको."

तिनं फोन ठेवला. नाही म्हणून सांगायचं, हळद लागलेल्या पोरीला! तिला रडू आलं आणि त्याचा रागही आला. कोपऱ्यात तिच्या सासूबाई, कस्तुराबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. एरवी लगीनघरात त्यांच्या जिभेला विसावा नसे.

"सोनाले," त्या हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोरी. न्हाय ते यायचं."

"आत्या, तुमी जरा गप बसा!" सोनाली ओरडली, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखी झाली. पंचवीस वर्षांत ती असं बोलली नव्हती.

वरमून तिनं डबीची केबल उपसली. पिनेच्या टोकाला लाल काहीतरी लागलं होतं. गंज चढला म्हणावं तर डबी आठवड्यापूर्वीच आणलेली. तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. कुंकू होतं.

"आत्या, ह्येला कुणी हात लावला?"

कस्तुराबाईंनी पदर तोंडाशी घेतला.

"म्या लावला. लगीनघरात सवाष्ण आली तर तिला कुंकू लावल्याबिगर बसवत्यात व्हय? माझी लेक सवाष्ण गेली. आज ती ह्या डबीतनं येनार. म्हून पहाटं पूजा केली. कुंकू लावलं, तिच्या तोंडात अक्षदा घातल्या. मग भ्या वाटलं, पुसून टाकलं. मालक गेल्यापासनं म्या कुनाला कुंकू लावत न्हाय. लावाय नको हुतं. माझ्या रांडमुंडीच्या हातानं बिघडलं बघ."

म्हणजे सकाळपासून ही बाई स्वतःला पापीण समजत कोपऱ्यात बसली होती, आणि आपण वर खेकसलो. सोनालीला स्वतःची शरम वाटली.

"तुमच्या हातानं न्हाय, आत्या. तांदळानं बिघडलंय."

तिनं सुई आणली. डबी उजेडात धरून चौकोनी भोकात टोक घातलं. तांदूळ आत मोडला तर संपलंच. तिनं सुई एका कडेनं सरकवली, आणि लालभडक अक्षता अख्खीच्या अख्खी तळहातावर पडली. मग जुन्या ब्रशानं भोक झाडलं, केबल घातली.

टुंग.

दोघी उतरत्या सुराची वाट बघत राहिल्या. तो आला नाही.

सोनालीनं कुंकवाचा करंडा आणून सासूपुढं धरला. "आता लावा. पर वरनं."

"म्या?"

"तुमीच. तुमची लेक हाय."

कस्तुराबाईंनी करंड्यात बोट बुडवून डबीवर टेकवलं. सोनालीनं बटण दाबलं. खरखर, सनई, माणसांचा कालवा. पडद्यावरची सपाट रेघ उड्या मारू लागली. आणि गाण्याच्या आधी, माईकवर एक घाबरी कुजबुज आली: "आई, जवळ हुबी ऱ्हा गं. मला भ्या वाटतंय."

कस्तुराबाई सरकत सरकत डबीजवळ गेल्या आणि मंगलाष्टक संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. शेवटच्या 'सावधान'नंतर टेपनं कचकन फीत खाल्ली. खाऊ दे. आवाज संगणकात उतरला होता. सुरुवातीची कुजबुज कापून टाकावी असं सोनालीच्या मनात आलं. पण तिनं ती तशीच ठेवली.

बारा पस्तीसला अंतरपाट धरला. कस्तुराबाई रिवाजाप्रमाणं मागं, खांबाशी, विधवा बायकांत उभ्या होत्या. कर्ण्यातून खरखर झाली आणि भरल्या मांडवात अयोध्या म्हणाली, "आई, जवळ हुबी ऱ्हा गं. मला भ्या वाटतंय."

शिवांजलीनं चमकून मान वर केली. मुंडावळ्या हलल्या. आणि मागून माणसं बाजूला सारत, कुणाकडं न बघता, कस्तुराबाई पार बोहल्यापर्यंत आल्या आणि नातीला खेटून उभ्या राहिल्या.

"आले गं," त्या म्हणाल्या.