गिटारीतली घूं

चैत्र होता. माळ तापून तांब्यासारखा झाला होता, आणि त्या ताम्रवर्ण, तृषार्त माळावरून पोलादी मनोऱ्यांची रांग चालली होती. दिगंताकडून दिगंताकडे, खांदे ताठ, बाहू पसरलेले, बाहूंवर विजेच्या तारा. पळस पेटून विझले होते. सावली म्हणाल तर मनोऱ्यांचीच, तीही जाळीदार. बकरीच्या पोटाखालीसुद्धा पुरत नव्हती.

तारा घुमत होत्या. अखंड, आदिम, अनाहत अशी एक घूं माळभर वाहत होती. देवखडकच्या माणसांना ती जन्मापासून ऐकू येते, म्हणून ती त्यांना ऐकूच येत नाही.

वीज देवखडकच्या डोक्यावरून जाते. दूर कुठं थंडगार खोल्या आहेत, तिकडं जाते. गावात उतरते ती उपकार केल्यासारखी, सकाळी दोन तास आणि दुपारी चारनंतर दोन तास. मनोरे रोवायला जमिनी याच गावाच्या लागल्या, खड्डे याच गावाच्या हातांनी खणले. उजेड मात्र दुसऱ्यांचा. गावाच्या वाट्याला आली ती घूं.

फाट्यावरच्या पत्र्याच्या दुकानात विशाखा बसली होती. पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणारी पंचक्रोशीतली एकच बाई. तांब्याच्या तारेनं तिची बोटं चिरून चिरून कातळासारखी झाली होती, आणि त्या कातळबोटांना केसाएवढी तार अंधारातही सापडायची.

आज तिच्या फळीवर मोटार नव्हती. काडेपेटीहून जरा लांबट, काळवंडलेला, एक पिकअप होता. गिटारीच्या तारांखाली बसतो तो. वरची तार थरथरली की खालचा हा थरथर टिपून घेतो आणि भोंग्याकडे धाडून देतो. पोटात एक चुंबक, चुंबकावर तांब्याची दोन वेटोळी, शेजारी शेजारी. एका अंथरुणावरच्या दोन माणसांसारखी. आणि बाहेर आलेल्या चार तारा. कधीकाळी चार रंगांच्या. आता चारही मातकट, चारही आखूड तुटलेल्या, चारही मुक्या.

पाठीवर खिळ्यानं कोरलेलं एक पिंपळपान.

ते पान संघपालनं कोरलं होतं. संघपाल म्हणजे तिचा नवरा. भीमगीतांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. गिटार कुठली, सागवानी फळी तासून स्वतःच घडवलेली. पिकअप मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला, कुणाच्या तरी मेलेल्या गिटारीतून निघालेला. चार तारांचं काय करायचं हे सांगणारं पुस्तक नव्हतं, सांगणारा गुरू तर नव्हताच. त्यानं आपल्या मनानं जोडल्या. आवाज आला, तसा तो अंगणात नाचला होता, लहान लेकरागत.

अकरा वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापानं तो गेला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरची खुर्ची होती, डॉक्टर नव्हता. खुर्चीवर पांढराशुभ्र टॉवेल होता.

मग कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्यानं गिटार एका कार्यक्रमापुरती मागून नेली आणि महिन्याभरानं परत आणून दिली. पोटात खड्डा. पिकअप काढून घेतलेला. अकरा वर्षं ती पोकळ, पोटफाटकी गिटार भिंतीवर टांगलेली होती, आणि विशाखा रोज तिच्याखाली भाकरी थापत होती.

पार्टीची एकुलती एक कॅसेट होती. ती पत्र्याच्या उन्हात वितळली.

त्याचा चेहरा तिला आठवायचा. हसताना वाकडा होणारा ओठ आठवायचा, पायाची जखम आठवायची. पण गेल्या थंडीत एका सकाळी चुलीपुढं बसली असताना तिच्या ध्यानात आलं, की त्याच्या गिटारीचा आवाज आता कानात उरलेला नाही. शोधला. हरवलेली शेळी माळभर शोधावी, तसा शोधला. नाही मिळाला. माणूस एकदाच मरतो म्हणतात. खोटं आहे ते.

आणि आठवड्यापूर्वी एकनाथ दुकानात आला होता. पार्टीचा ढोलकीवाला. मूठ उघडून त्यानं हा पिकअप फळीवर ठेवला.

"जय भीम, वहिनी. जिल्ह्याच्या जुन्या बाजारात घावला. रेडिओच्या आतड्यात पडला होता. पान बघून वळखला."

एकनाथचा डावा कान ढोलकीनं केव्हाच खाल्ला होता. उजवाही आता ओसरत चालला होता, उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा. संघपालचा सूर ओळखणारा तेवढा एकच कान या पृथ्वीवर उरला होता.

"लवकर करा," तो म्हणाला होता. "कान हाय तवर सांगतो."

आज तो विहारातला अँप्लिफायर आणि भोंगा खांद्यावर घेऊनच आला, आणि उंबऱ्यात बसून बडबडू लागला.

"वहिनी, ही काय बोरची मोटार हाय का, इतकं मीटर लावून बघायलाव?"

"भाऊजी, तुमी जरा गप ऱ्हावा. न्हाईतर राहिलेला कानबी जाईल."

"तोंडाचा अन् कानाचा काय संबंध?"

"इथं सगळ्या तारांचा सगळ्यांशी संबंध हाय."

काट्याचं जुनं मीटर. तिनं एक टोक एका तारेला लावलं, दुसरं दुसरीला. काटा मेल्यासारखा पडून राहिला. तिसरीला लावलं, आणि काटा उठला. पहिली आणि तिसरी, एक वेटोळं. दुसरी आणि चौथी, दुसरं वेटोळं. अकरा वर्षं कुठल्या कुठल्या अडगळीत पडून, कुणाकुणाच्या हातांत फिरून, दोन्ही शाबूत. तिचं बोट पिंपळपानावरून फिरलं. तिनं ते मागं घेतलं. हातात काम होतं.

मग तिनं स्क्रूड्रायव्हरचं लोखंड पहिल्या वेटोळ्याच्या माथ्यावर टेकवलं आणि झटक्यात उचललं. काटा उजवीकडं उडाला. दुसऱ्यावर टेकवलं, उचललं. काटा डावीकडं उडाला. तिनं टोकं उलटी धरली. आता काटा उजवीकडं. कुठली तार आरंभाची, कुठली शेवटाची, ते असं कळत गेलं. खडूनं तिनं खुणा केल्या.

तिला ही विद्या रहीमचाचांनी दिली होती. नवरा गेल्यावर हातात काही नव्हतं, तेव्हा याच दुकानात चाचांनी तिला पाट दिला, तार दिली, आणि एकच गोष्ट शंभरदा सांगितली, "बेटा, कॉइल उलटी जोडू नको. उलटी कॉइल म्हणजे फिरायच्या जागी गुरगुरणारी मोटार, आणि गुरगुरणारी मोटार म्हणजे जळालेली मोटार." अकरा वर्षांत तिनं एकही कॉइल उलटी जोडली नव्हती. गावातल्या मोठमोठ्या बागाईतदारांनी तिच्या हातचं पाणी घेतलं नसतं, पण तिच्या हातच्या मोटारीनं उपसलेलं पाणी ते घटाघटा पीत होते.

एकाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला. सुलट, सरळ, शास्त्रशुद्ध. तिनं तारा पिळल्या, पिकअप घरून आणलेल्या गिटारीच्या खड्ड्यात बसवला. अकरा वर्षांचं पोट भरलं.

चार वाजले. वीज आली. अँप्लिफायरचा तांबडा दिवा लागला.

संघपालची एक सवय होती. गाण्याआधी तो मोकळ्या तारांवरून एकदाच अंगठा फिरवायचा, वरून खाली, दार उघडल्यासारखा. मग गाणं आत यायचं. विशाखाला वाजवता येत नव्हतं. पण दार उघडायला वाजवता कशाला यायला हवं? गिटारीच्या तारा एकनाथनं पार्टीतल्या सवयीनं सुरात लावल्या, आणि तिनं अंगठा फिरवला.

भोंग्यातून सूर आला. भरदार, घनगंभीर, गोल गरगरीत; मधात बुडवून काढल्यासारखा. कुठं खरखर नाही, कुठं डाग नाही. सुरामागं नितळ, निरभ्र शांतता.

एकनाथनं उजवा कान भोंग्याकडं केला होता. 

"झ्याक हाय," तो म्हणाला. "मोठ्या ऑर्केस्ट्राचा वाटतो."

"मग?"

"वहिनी, राग मानू नका. ह्यो संघपाल न्हाई."

तिला राग आलाच. खरं सांगायचं तर तिला त्याच्या त्या ओसरणाऱ्या कानात उकळतं शिसं ओतावंसं वाटलं. अकरा वर्षांनी हातात आलेली चीज, निर्दोष जोडलेली, आणि हा म्हणतो हा तो नाही! तिनं पुन्हा अंगठा फिरवला. पुन्हा तो मधाळ, मांसल, मोठ्या घरचा सूर. आणि मग तिलाही कळलं. तिच्या अंगावर काटा आला नव्हता. मीटरचा काटा उडाला होता, तिच्या अंगावरचा नाही.

ती भोंग्यासमोर बसून राहिली. भोंगा गप्प होता. इतका गप्प कसा? याच भोंग्यानं एके काळी तिचं डोकं उठवलं होतं. संघपाल सरावाला बसला की सुरांच्या खाली एक घूं सतत चालू असायची, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "ती घूं बंद करा आधी! डोस्कं फुटायलंय माझं."

आणि तो हसायचा. ओठ वाकडा करून.

"ती घूं न्हाई, विशाखे. तंबोरा हाय आपला. त्यांच्या गवयांच्या मागं तारा छेडायला एक माणूस बसतो. आपल्या मागं आख्खं वीजघर बसलंय!"

फळीवर खडूच्या खुणा होत्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मोटार भरणाऱ्या बाईला जे कळायला हवं होतं ते आत्ता, या घटकेला, कळत होतं. सुलट जोडलेली वेटोळी सूर वाढवतात आणि घूं मारतात. उलट जोडलेली घूं वाढवतात, आणि सुराला एकमेकांत खोडत बसतात. संघपालनं एक कॉइल उलटी जोडली होती. वेड्यानं उलटी जोडली होती! आयुष्यभर चुकीची गिटार वाजवत, आख्ख्या तालुक्याला रडवत फिरला होता, आणि कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

आणि तिनं, शहाणीनं, ती चूक दुरुस्त केली होती. दुरुस्त केलं तेच तर तो होता.

तिनं पीळ सोडला. खुणेच्या तारा हातात घेतल्या. बोटं ऐकेनात. अकरा वर्षांची शिस्त कातळासारखी आडवी पडली होती. चाचांचा आवाज आडवा पडला होता. बेटा, उलटी नको.

"चाचा," ती पुटपुटली, "ही मोटार न्हाई."

शेवटाला शेवट. उलट, वाकडं, अडाणी.

"काय करायलाव?" एकनाथनं विचारलं.

"खराब करायले," ती म्हणाली. "ऐका."

आधी घूं आली. भोंग्यातून, भुईतून, तिच्या पाठीच्या मणक्यातून. गडद, गहिरी, गर्भासारखी. मग तिनं अंगठा फिरवला.

त्या घूंच्या काठावरून एक सूर निघाला. कृश, किनरा, काचेसारखा. नाकातून गायल्यासारखा, विहिरीच्या तळातून हाक मारल्यासारखा, तीन डोंगरांपलीकडून कुणी नाव घेतल्यासारखा. दोन वेटोळी एकमेकांना खोडत होती, आणि खोडून खोडून जे उरत होतं, जे कशानंही खोडलं जात नव्हतं, तेवढंच ऐकू येत होतं.

 एकनाथच्या हातात ढोलकी नव्हती, तरी त्याची बोटं उंबऱ्यावर वाजू लागली. त्याचं त्यालाही न कळता.

विशाखानं इस्त्रीसारखी तापलेली डागणी घेतली, आणि त्या उलट्या जोडावर डाग दिला. कथलाचा चंदेरी थेंब वितळला, थरथरला, थिजला. कायमचा. चुकीचा. त्याचा.

मग ती फिरवत राहिली अंगठा. दार उघडत राहिली. वरून खाली, वरून खाली. ऊन कलत गेलं, मनोऱ्यांच्या सावल्या लांबत दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आल्या.

सहा वाजले. वीज गेली. तांबडा दिवा विझला, आणि भोंग्यातला सूर मधेच, शब्द तुटावा तसा तुटला.

एकनाथ कानामागं हात धरून बसला होता. "गेला?" त्यानं विचारलं.

विशाखानं मान वर केली. माळावर संध्याकाळ उतरत होती, ताम्रगौर, तरल, निवत जाणारी. आणि मनोऱ्यांच्या खांद्यांवरून, गावाला न मिळालेल्या विजेच्या तारांतून, ती वाहत होती. अखंड, आदिम, अनाहत. अकरा वर्षं तिच्या डोक्यावर, रोज.

तिनं गिटार छातीशी घेतली आणि त्या घूंमध्ये, बिनविजेच्या तारांवरून अंगठा फिरवला. वरून खाली, हलकेच, दार उघडल्यासारखा.